लहान हाताचा झिंगा

देवपूर, धुळे
रविवार, दुपार

प्रिय पुनम,

अनेक आशीर्वाद. हातात फोन असताना म्हातारा पत्र का लिहीत बसलाय, असं तू पाकीट फोडताना म्हणशीलच. फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. आधी कोचीच्या हवेची चौकशी, मग जेवलीस का, आणि मग फोन तुझ्या आईच्या हातात देऊन मी मोकळा. अलीकडे तर मी तेवढंही करत नाही. तुझं नाव दिसलं की उठून गॅलरीत जातो आणि आईला उचलायला लावतो. तुझ्या ते लक्षात आलं असणार, कारण परवा तू आईला विचारलंस म्हणे, नाना माझ्यावर रागावलेत का. नाही ग. मला तुझ्याशी बोलायची लाज वाटते. एवढं एक वाक्य लिहायला सकाळची दुपार झाली, पण आता लिहिलंच आहे तर पुढचंही लिहितो.

आधी घरचं सांगतो. आई ठणठणीत आहे, गुडघे सोडून. यंदा तिला ज्वारीच्या बिबड्या गच्चीवर नेऊन वाळवाव्या लागल्या, कारण गॅलरीतल्या तिच्या जागेवर मी काचेची टाकी मांडली आहे. टाकीत दगड, थोडी वाळू, हवा सोडणारा पंप, आणि झिंगे. निवृत्त मास्तरनं या वयात पुन्हा प्रयोगशाळा थाटली म्हणून ती चिडलेलीच होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी पदर खोचून समोर उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या झिंगा रांधाना शेतस का पाळाना, येक काय ते सांगा." मी म्हटलं, पाळायचे. त्यावर तिनं कपाळाला हात लावला. पण पंपाची वायर निघाली की आता तीच पहिली ओरडते.

झिंगे आणले ते रावेरहून, वनाकडून. वना म्हणजे माझा शाळेतला सोबती, ज्याच्या केळीच्या मळ्याला लागून सातपुड्याचा ओढा वाहतो. तू लहानपणी त्याच्या मळ्यात इतकी केळी खाल्ली होतीस की परतीच्या एसटीत खिडकीशी बसवावं लागलं होतं. त्याच ओढ्यावर गेलो. पूर्वी मी काठाकाठानं उथळ पाण्यात हातजाळी फिरवायचो, तुला आठवतं. या वेळी वनाला डोहात उतरवलं आणि मोठ्या दगडांच्या कपारीत हात घालायला लावला. त्याला एक चांगलाच चिमटा बसला, त्यानं ओढ्याला ऐकू जाईल अशी शिवी दिली आणि हात बाहेर काढला तो बोटाला लटकलेला काळपट, काटेरी हाताचा मोठा नर घेऊनच. तो एक आणि उथळ पाण्यातले लहान हाताचे थोडे नर, थोड्या माद्या, असं सगळं झाकणाच्या डब्यात घालून एसटीनं धुळ्याला आलो. कंडक्टरनं डब्यात डोकावून यांचं अर्धं तिकीट लागेल म्हणून मस्करी केली. मला हसू आलं नाही. मी त्या डब्यात काय घेऊन निघालो होतो ते मलाच ठाऊक होतं.

तुला मी झिंगा पहिल्यांदा शिकवला तो आपल्या जुन्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर. बेबाबाई भोईण दारावर मासळीची पाटी घेऊन यायची, आई वाटण वाटून खोळंबलेली, आणि मी तुला ओट्यावर बसवून ताटात दोन जीव मांडलेले. एक आपल्या नदीतला झिंगा आणि एक बाजारात बर्फातून आलेली समुद्राची कोळंबी. फरक शोध म्हटलं. तू रंग सांगितलास, लांबी सांगितलीस, वास सांगितलास. मग मी दोघांना कुशीवर निजवून पोटाच्या कड्यांच्या बाजूच्या पाळ्या दाखवल्या. समुद्राच्या कोळंबीत प्रत्येक पाळी मागच्या पाळीवर, घरावरच्या कौलांसारखी ओळीनं. झिंग्यात मात्र दुसऱ्या कड्याची पाळी रुंद, आणि ती पुढच्यावरही चढते आणि मागच्यावरही. कोळंबीच्या चिमट्याच्या पायांच्या तीन जोड्या, झिंग्याच्या दोनच. कोळंबी अंडी पाण्यात सोडून देते, झिंगा पोटाखाली धरून हिंडतो. तू सगळं बोटानं उलटसुलट करून पाहिलंस आणि विचारलंस, मग यांची नावं वेगळी का नाहीत, लोक दोघांना कोळंबीच का म्हणतात. तेव्हाच मला वाटलं, ही पोरगी माझ्या पुढे जाणार. किती आनंद झाला होता मला. बाप होतो ना तेव्हा मी नुसता, दुसरं काही नव्हतो.

आणि मग आपले ओढ्यातले झिंगे. या लांब हाताच्या कुळातल्या बहुतेकांची नाळ समुद्राशी बांधलेली. राहायला गोड्या पाण्यात असले तरी पिल्लांना खारट पाणी लागतं, म्हणून मादी अंडी घेऊन खाडीकडे उतरते. आपल्याकडचा हा गट मात्र समुद्राकडे पाठ फिरवून बसलेला. सातपुड्याच्या ओढ्यात जन्म, तिथेच मरण. अंडी मोजकी पण टपोरी, आणि त्यातून बाहेर पडतं ते जवळजवळ आईबापासारखंच दिसणारं पिल्लू. समुद्राचं तोंड न पाहिलेले हे झिंगे मला आपले वाटायचे. मीही समुद्र पाहिला तो नोकरी लागल्यावर.

त्यातलाच लहान हाताचा तो मी शोधला. शोधला असंच मी आजवर म्हणत आलो. नदीत सगळ्यांना ठाऊक असलेली जी मोठ्या हाताची जात, तिच्या नराचा तळवा जाड, मनगटापेक्षा लांब, त्यावर काटे आणि मखमलीसारखी लव. माझ्या झिंग्याचं मनगट तळव्यापेक्षा लांब, हात सडपातळ, गुळगुळीत. नाकावरच्या करवतीचे दात थोडे इकडेतिकडे. नवी जात म्हणून मी वर्णन लिहिलं, ते छापून आलं, आणि लॅटिनच्या नियमानं बाईच्या नावाला लागतो तो प्रत्यय लावून मी नाव दिलं, मॅक्रोब्रॅकियम पुनमे. स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही असा आमच्यात संकेत असतो, आणि मला दुसरं नाव सुचलंही नाही. तू मिरवत शाळेत सांगितलंस आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गानं तुला झिंगी म्हणायला सुरुवात केली. आठवडाभर रडत घरी येत होतीस. मी काय केलं? त्या पोरांना हसलो, आणि तुला म्हटलं की जगात किती मुलींच्या नावाचा जीव असतो. कॉलेजच्या संग्रहालयात ती बाटली ठेवली, चिठ्ठी लावली. मी झिंगेवाले सर झालो. माझ्या सगळ्या नोकरीत माझ्या नावावर तेवढं एकच होतं, पुनम. बाकी हजेऱ्या घेतल्या आणि पेपर तपासले.

त्या वर्णनात मादीबद्दल मी एकच ओळ लिहिली होती: नरासारखी, हात लहान. आमच्या वेळी तसंच असायचं. मोजायचा तो नराचा हात. मादी मोजून हाती काही लागत नाही, असं आमचे सर सांगायचे आणि मीही वर्गात तेच सांगत आलो. खरं तर माझ्या बाटलीतल्या माद्या आणि नदीतल्या माद्या एका ताटात मिसळल्या असत्या तर मला पुन्हा वेगळ्या करता आल्या नसत्या. हे मला तेव्हाही जाणवलं होतं. माद्यांवरून काही ठरत नाही, असं म्हणून मी झाकण लावलं. एखाद्या शिकाऊ पोरानं विचारलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं, इतकी मला माझ्या हाताच्या मापांची घमेंड होती.

आता टाकीचं ऐक. मोठा नर टाकीत होता तोवर लहान हाताचे सगळे कोपऱ्यात दबून. त्यांच्यासमोर अन्न पडलं तरी हा आला की ते मागे सरकायचे. मग मी त्याला उचलून वेगळ्या टबात ठेवला. थोरला भाऊ वेगळा निघाला की धाकट्याच्या अंगात कसं बळ येतं, तू आपल्या भाऊबंदकीत पाहिलंच आहेस. लहान हाताच्या एका नरानं कात टाकली. थोड्या दिवसांनी पुन्हा टाकली. प्रत्येक वेळी मी ती कात भिंगाखाली धरून मनगट आणि तळवा मोजला, आणि प्रत्येक वेळी तळवा मनगटाला गाठत आला. शेवटी एका सकाळी पाहतो तर दगडावर काळपट, काटेरी हात पसरून हाच बसलेला, आणि बाकीचे कोपऱ्यात. माझी नवी जात माझ्या डोळ्यांदेखत जुनी झाली. ती जात कधी नव्हतीच. डोह थोरल्यांच्या ताब्यात होता, धाकटे उथळ पाण्यात ढकललेले होते, आणि माझी जाळी आयुष्यभर उथळ पाण्यातच फिरली. मी तिथेच खाली बसलो. आई धावत आली, तिला वाटलं मला चक्कर आली. काय झालं विचारलं तर मी म्हटलं, पुनम बरोबर होती.

हे वाचून तू थबकली असशील. कारण तू मला यातलं काहीच सांगितलेलं नाहीस. तू एवढंच सांगितलं होतंस की कोळंबीच्या एका जातीवर लेख लिहिला आहे, तो छापून यायला हवा, कारण जूनमध्ये कायम नेमणुकीची मुलाखत आहे आणि त्या लेखाशिवाय तिथे बसण्यात अर्थ नाही. कितीतरी वर्षं कंत्राटावर काढलीस. जावईबापू भूपेंद्ररावांनी तुझ्या नोकरीपायी बदली नाकारली. हे सगळं मला ठाऊक होतं. जात कुठली ते मी विचारलं तेव्हा तू विषय बदललास. मला वाईट वाटू नये म्हणून बदललास, हे आता वेगळं सांगायला नको.

मग लेख नाकारला गेला आणि तू फोन केलास. आईशी न बोलता मलाच मागितलंस. एवढं रडताना मी तुला, वर्गातली पोरं झिंगी म्हणून चिडवायची तेव्हाच ऐकलं होतं. परीक्षकाचे शेरे तू मला एकेक वाचून दाखवलेस. निष्कर्ष घाईचा आहे. जनुकांचा पुरावा एकाच ठिकाणचा आहे. जिवंत प्राणी पाळून पाहिलेले नाहीत. माद्यांच्या साम्याला अवास्तव महत्त्व दिले आहे. आणि मग ते वाक्य, ज्याच्यावर तू दोनदा अडखळलीस: लेखकाला या भागातील ओढ्यांचा प्रत्यक्ष परिचय नसावा. "नाना, मला? मला ओढे माहीत नाहीत?" असं म्हणालीस. मी आवाज चढवून म्हटलं, कोण गाढव आहे हा, खुर्चीत बसून अक्कल शिकवणारा, तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस. आणखीही बरंच बोललो, मास्तरकीतल्या साऱ्या ठेवणीतल्या शिव्या काढल्या. तू रडता रडता हसलीस आणि म्हणालीस, तुमच्याशी बोललं की बरं वाटतं नाना. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. नंतर मला म्हणाली, "पोरले चांगलं समजाडं तुम्ही." मी त्या रात्री जेवलो नाही, पोट बिघडलंय असं सांगितलं.

पुनम, तो गाढव मी आहे. नियतकालिकांसाठी लेख तपासायचं, परीक्षणाचं काम निवृत्तीनंतर सोडलं असं मी तुम्हाला सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं. कोणीतरी अजून विचारतं याचं मला सुख होतं. नवे संपादक मला ओळखत नाहीत, तुझं लग्नानंतरचं आडनाव त्यांना माझ्याशी जोडता येणं शक्यच नव्हतं, आणि पुनमेबद्दलचा लेख पुनमे शोधणाऱ्याकडे पाठवणं त्यांना रास्तच वाटलं. लेखकाचं नाव झाकलेलं होतं. पण आकृत्या उघड्या होत्या. सावलीची टिंबं खालच्या उजव्या कडेनं दाट करत आणायची आणि सांध्याशी केसाएवढी कोरी जागा सोडायची, हे मी तुला हात धरून शिकवलं आहे, जगात दुसरं कोणी तसं करत नाही. पहिल्याच पानावर मी तुला ओळखलं. आधी छाती भरून आली, खरंच सांगतो, इतकी सुरेख मादी मी कधी काढली नव्हती. मग शीर्षक वाचलं, पुनमे ही वेगळी जात नाही असं सांगणारं. तेव्हाच संपादकांना कळवायला हवं होतं की ही माझी मुलगी आहे, मला हा लेख तपासता येणार नाही. मी कळवलं नाही. तुझं नाव वाचवतोय असं स्वतःला सांगितलं, पण वाचवत होतो ते माझं. ओढ्यांचं ते वाक्य मी लेखक तू आहेस हे माहीत असताना लिहिलं, तुझ्या वर्मी लागेल आणि तू हा विषय सोडशील म्हणून लिहिलं. रावेरलाही गेलो ते तू चूक आहेस हे सिद्ध करायलाच. काल मी संपादकांना सगळं लिहून कळवलं, नातं, नाव, काय केलं ते, आणि माझा अभिप्राय रद्द करून लेख दुसऱ्या कुणाकडे जूनच्या आत पाठवावा अशी विनंती केली. टाकीतली मापं आणि काती वेगळ्या पार्सलनं तुला पाठवतो आहे. हवी तर वापर, माझं नाव कुठेही घालू नकोस. आपल्या शास्त्रात चुकीचं नाव पुसत नाहीत, आधी दिलेल्या थोरल्या नावाखाली लिहून ठेवतात, तेव्हा पुनमे आणि तिच्यापुढे नाव देणारा म्हणून मी, असे आम्ही दोघे तिथे राहू, आणि ते योग्यच आहे. तू माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही. तुला हे संपादकांच्या पत्रातून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं. शेरे वाचून दाखवताना तू मधूनमधून थांबत होतीस, आठवतं? जिथे जिथे पुनमे हे नाव आलं, तिथे ते गाळून तू पुढचं वाचत होतीस, मला कळू नये, माझं मन दुखू नये म्हणून. तू कुठे थांबणार ते मला तुझ्याआधी माहीत होतं, कारण ते सगळं मला पाठ होतं. आणि तरी मी फोन कानाला लावून तुला धीर देत राहिलो.

तुझाच,
नाना